चार नंबरचा विभाग

थोरलीला सूर्याची भीती वाटायची. हे ती चारचौघांत बोलून दाखवत नसे, कारण सूर्यावर नजर ठेवणं हीच तिची नोकरी होती. शेजारपाजारचे तिला हवामानवाली म्हणत. जिन्यात कुणी भेटलं की हमखास विचारी, "काय हो, आज छत्री घेऊ का बरोबर?" आणि ती दरवेळी तेच सांगे, "मला पावसातलं ओ की ठो कळत नाही. मी ढगांच्या वरचं बघते." समोरचा हसे आणि छत्री घेऊनच बाहेर पडे.

ती ज्या केंद्रात काम करायची तिथून खरा सूर्य कधी दिसत नसे. खिडक्यांना जाड पडदे, आत ओळीनं लावलेले स्क्रीन आणि त्यांच्यावर उपग्रहांनी पाठवलेला सूर्य, कुठे हिरवा, कुठे तांबडा. त्याच्या अंगावर कुठे उद्रेक झाला, त्यातून काय सुटलं, ते पृथ्वीकडे येतंय का आणि येणार असेल तर केव्हा, हे ओळखून विमानवाल्यांना, उपग्रहवाल्यांना आणि वीजवाल्यांना कळवायचं, एवढंच काम. वर्षातले बहुतेक दिवस कळवण्यासारखं काही नसायचं. सहकारी म्हणत, "आपल्यासारखी आरामाची नोकरी शोधून सापडायची नाही." थोरली त्यांच्याबरोबर हसायची. पण सगळं शांत असलं की तिला उगाच मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं.

घरात ती आणि आईबाबा, तिघंच. लग्न तिनं केलं नाही आणि का केलं नाही हे विचारून विचारून आई शेवटी दमली होती. धाकटीचं मात्र सगळं वेळच्या वेळी झालं. लग्न झालं, मुलगा झाला, शहराच्या दुसऱ्या टोकाला घर झालं. धाकटी वीज नियंत्रण कक्षात शिफ्ट इनचार्ज होती. कोणत्या विभागाला किती वीज जातेय, कोणती लाईन भरलीय, काय बंद करायचं, काय चालू ठेवायचं, हे तिच्या हातात. तिला भीती वगैरे माहीत नव्हती. लहानपणी झाडावर धाकटी चढायची आणि खाली उभी राहून रडायची थोरली.

बाबांच्या किडन्या दोन वर्षांपूर्वी थकल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा आई त्यांना रिक्षानं डायलिसिसला न्यायची. जवळच, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर एक छोटं केंद्र होतं. सहा पलंग, सहा मशीन, दोन नर्स. मशीन बाबांचं रक्त हळूहळू बाहेर काढायचं, धुवून परत आत सोडायचं. आई शेजारी स्टुलावर बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची, म्हणजे बाबांच्या बरोबरीनं सगळ्यांनाच बातम्या कळायच्या.

उद्रेक झाला तो दिवस साधाच होता. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. सूर्याच्या मधोमध आलेला डागांचा एक मोठा, गुंतागुंतीचा समूह थोरली आठवडाभर डोळ्यांत तेल घालून बघत होती. तिच्या देखत क्ष-किरणांची रेघ सरळ वर चढली, पार वरच्या कडेला जाऊन टेकली आणि तिथंच राहिली. उपकरणाला त्याच्या पुढचं मोजता येत नव्हतं.

"साहेब!" थोरली ओरडली. इतकी मोठ्यानं ती ऑफिसात कधीच बोलली नव्हती.

केंद्रप्रमुख धावत आले. ते शांत स्वभावाचे, हळू बोलणारे गृहस्थ होते, निवृत्तीला थोडेच महिने उरलेले. ते रेघेकडे बघत उभे राहिले. मग फोन वाजू लागले. समुद्रावरच्या विमानांचे रेडिओ बंद पडले होते.

पण उद्रेकातली ज्वाला म्हणजे नुसता लखलखाट. खरी धास्ती त्यामागून काय सुटलं याची. सूर्याचं बिंब झाकून त्याच्या भोवतालचं बघणारा एक कॅमेरा आहे. सुटलेला तापल्या वायूचा लोट एका बाजूला गेला तर त्यात एका बाजूला दिसतो. बराच वेळ वाट बघितल्यावर चित्र आलं. त्यात लोट वर होता, खाली होता, दोन्ही बाजूंना होता. सगळीकडून सारखा पसरत चाललेला.

"अंगावर येतोय," थोरली म्हणाली.

"कधी?"

"उद्या दुपारनंतर. थोडं इकडेतिकडे."

"दिशा?"

हाच तर प्रश्न होता. असा लोट आपलं चुंबकत्व बरोबर घेऊन येतो. ते उत्तरेकडे असेल तर पृथ्वीचं चुंबकीय कवच त्याला दाद देत नाही, तो घासून निघून जातो. दक्षिणेकडे असेल तर कवचाला दार पडतं. मग जमिनीतून वीज वाहू लागते, लांब लांब तारांत शिरते आणि मोठमोठे ट्रान्सफॉर्मर आतून तापवते. आणि दिशा कळते ती अगदी शेवटी, पृथ्वीच्या पुढे पहाऱ्याला ठेवलेल्या उपग्रहावर लोट आदळल्यावर. त्यानंतर हातात उरतात पंधरा-वीस मिनिटं.

"अजून सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण डागांची ठेवण बघता लोटाचा मागचा भाग दक्षिणेचा असावा. असावा म्हणजे, मला तसं वाटतं."

साहेबांनी इशारा काढला. नेहमीच्या सगळ्यांना तो गेला.

संध्याकाळी घरी आल्यावर थोरलीनं चप्पलसुद्धा न काढता विचारलं, "आई, उद्याचं डायलिसिस परवावर नाही का ढकलता येणार?"

"का गं?"

"उद्या सूर्याचं वादळ आहे. वीज जाईल असं नाही, पण जाऊ शकते."

आईनं तिच्याकडे बघितलं, मग बाबांच्या पायांकडे. घोट्यापाशी बोट दाबलं की खळगा पडायचा आणि पडून राहायचा. "तुझ्या सूर्यापायी यांच्या अंगात पाणी साठू देऊ? काल रात्रभर उशीला टेकून बसले होते, झोपता येईना."

"तसं नाही गं..."

तरी आईनं तिच्यासाठी डायलिसिस केंद्रात फोन लावून विचारलं. परवाचे सगळे पलंग आधीच भरलेले होते. बाबा म्हणाले, "जाऊ दे ना. त्यांच्याकडे जनरेटर आहे. तू जेव आधी."

ती जेवली, पण काय जेवली हे तिला आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी थोरलीच्या केंद्रात कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. सूर्यापासून सुटलेले कण आधीच येऊन पोचले होते आणि उपग्रहांच्या कॅमेऱ्यांवर पांढरे ठिपके पडत होते, टीव्ही बिघडल्यावर मुंग्या दिसतात तसे. थोरलीला सारखी तहान लागत होती. पाणी प्यायला उठावं तर तेवढ्यात काही निसटेल असं वाटायचं, म्हणून ती तशीच बसून राही. दुपारी आईचा निरोप आला की बाबांना मशीन लावलं, सगळं ठीक आहे, तू काळजी करू नको.

वीजवाल्यांसाठी केंद्रात एक वेगळा फोन होता. त्यावरचं सगळं बोलणं रेकॉर्ड व्हायचं. त्यामुळे दोघी बहिणी त्या फोनवर एकमेकींना मॅडम म्हणायच्या, अहोजाहो करायच्या. मग घरी जेवायला जमल्या की त्याची नक्कल करून बाबा हसवायचे. "मॅडम, आपण आमटी घेणार का? आमटीवर लोड किती आहे?"

त्या दिवशी धाकटीच ड्यूटीवर होती.

लोट आला तेव्हा आधी पहाऱ्याच्या उपग्रहावरचे आकडे एकदम उडाले. कणांचा वेग दुपटीहून जास्त. सगळे स्क्रीनपाशी गोळा झाले. थोरलीनं दिशेच्या रेघेवर बोट ठेवलं. रेघ थरथरली आणि वर गेली.

"उत्तर!" मागून कुणीतरी म्हणालं. "उत्तरेकडे आहे! सुटलो!"

साहेब खुर्ची ओढून बसले. त्यांना बसलेलं बघून लोकांना हसू आलं, टाळ्याही पडल्या. तेवढ्यात वीजवाल्यांचा फोन वाजला.

"नियंत्रण कक्षातून बोलतेय," धाकटीचा आवाज. "मॅडम, आम्हाला उत्तर दिसतंय. लोड कमी ठेवलाय तो पूर्ववत करू का? लोकांच्या तक्रारी येतायत."

"थांबा," थोरली म्हणाली. "हा नुसता पुढचा भाग आहे, लोटापुढे ढकलत आणलेला. खरा लोट मागे आहे."

"किती मागे?"

थोरली उत्तर देणार तोच समोरची रेघ तुटली. मग दुसरी तुटली. एकामागून एक सगळे चौकोन रिकामे झाले. पहाऱ्याचा उपग्रह कणांच्या माऱ्यानं आंधळा झाला होता.

"मॅडम?" धाकटी म्हणाली. "आमच्याकडची माहिती थांबली."

"आमच्याकडचीही."

पलीकडे कुणीतरी धाकटीला काही सांगत होतं. ती परत बोलली तेव्हा आवाज बदलला होता. "आमचा एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे, लांब लाईनच्या टोकाला. त्याच्यात नको तो करंट दिसायला लागलाय. सबस्टेशनवाले म्हणतात, गुरगुरतोय. मला एकच सांगा. हा झटका आहे आणि जाईल, की ही सुरुवात आहे?"

थोरलीनं साहेबांकडे बघितलं. ते स्पीकरवर ऐकत होते. "सुरुवात असायची शक्यता साठ टक्के म्हणता येईल," ते म्हणाले. "पासष्ट."

"साहेब, टक्क्यांचं मी काय करू?" धाकटी म्हणाली. "हा जळला तर नवीन यायला वर्ष लागतं. वर्षभर तिथल्या लोकांना मी काय देऊ? आणि उतरवला तर आत्ताच्या आत्ता अंधार. मला हो किंवा नाही पाहिजे."

सगळे थोरलीकडे बघू लागले. कालपासून मागच्या भागाबद्दल बोलत होती ती तीच. तिच्या समोरचा स्क्रीन रिकामा होता. तिला वाटलं, इथून उठावं आणि सरळ घरी जाऊन अंथरुणात शिरावं. तिनं डोळ्यांसमोर तो डागांचा समूह आणला, आठवडाभर पाहिलेला, त्याचे पीळ, त्यांच्यामधली वाकडी रेषा. ती काही खात्री नव्हती. पण जे होतं ते एवढंच होतं.

"सुरुवात आहे," ती म्हणाली. "उतरवा."

साहेब मान हलवून म्हणाले, "निर्णयाखाली माझंही नाव घाला."

"ठीक आहे," धाकटी म्हणाली. आणि मग जरा थांबून, अगदी कोरड्या आवाजात, "चार नंबरचा विभाग आहे."

थोरलीला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. बाजारपेठ, मागची गल्ली, पहिला मजला. चार नंबर.

फोनवर कुणीच बोललं नाही. रेकॉर्डिंगमध्ये ती शांतता पुढे चौकशीवाल्यांनी ऐकली, तेव्हा त्यांना वाटलं लाईन तुटली असेल.

"चार?" थोरलीनं विचारलं.

"हो. चार."

"बरं."

"मोठ्या रुग्णालयांना आम्ही कळवतोय. त्यांना वेळ देते आणि मग उतरवते. बाकी कुणाचे नंबर माझ्याकडे नाहीत, मॅडम." फोन बंद झाला.

थोरलीनं मोबाईल काढला. आईचा नंबर लावला. वाजत राहिला. आई केंद्रात गेली की फोनचा आवाज बंद करायची, इतरांची झोपमोड नको म्हणून. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. मग तिनं डायलिसिस केंद्राचा नंबर शोधला. तो व्यस्त लागला. तिथली नर्स कुणाशी काय बोलत असेल? औषधवाल्याशी, घरी मुलाशी. व्यस्त, व्यस्त, व्यस्त. चौथ्यांदा फोन लागलाच नाही, नुसता मेलेला आवाज आला. त्यावरून तिला कळलं की चार नंबर गेला.

आईचा फोन आला तो त्यानंतर थोड्या वेळानं.

"अगं, लाईट गेले!"

"माहीत आहे. जनरेटर?"

"घुरघुर करतो आणि बंद पडतो. खाली माणूस लागलाय त्याला. मशीन सगळी पिंपिं करतायत. यांचं रक्त नळीत तसंच आहे गं, बाहेर." आई धापा टाकत होती. "नर्स दोघीच, माणसं सहा. मशीनला एक हँडल असतं म्हणे, ते हातानं फिरवून रक्त परत आत घालायचं. मला दाखवलंय. मी फोन ठेवते, मला फिरवायचंय."

"आई, बाबा बोलतायत का?"

फोन कटला होता.

आता थोरलीला तिथंच बसून राहायचं होतं. दर थोड्या वेळानं निवेदन काढायचं, फोनला उत्तरं द्यायची. जमिनीवरच्या चुंबकमापकाची रेघ अजून चालू होती, आणि ती रेघ आता खाली निघाली. आधी हळू, मग कड्यावरून ढकलल्यासारखी. दक्षिण. मागचा भाग दक्षिणेचाच होता.

"तू बरोबर सांगितलंस," साहेब हळूच म्हणाले.

थोरलीनं मान हलवली. ती बरोबर होती, आणि त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता. तिच्या डोळ्यांपुढे एक नळी होती, तिच्यात थांबलेलं लाल रक्त, आणि ते गोठायला किती वेळ लागतो हे तिला माहीत नव्हतं. ते कुठेतरी बघता आलं असतं. तिची हिंमत झाली नाही. तिनं निवेदन टाईप केलं. त्यात वादळाची पातळी लिहायच्या जागी तिनं बाबांचं नाव लिहिलं होतं. शेजारच्या सहकाऱ्यानं काही न बोलता ते पुसून दुरुस्त केलं.

वीजवाल्यांचा फोन पुन्हा वाजला.

"मॅडम, सात नंबर विभागाचा ट्रान्सफॉर्मर आम्ही चालू ठेवला होता, नवा होता म्हणून. त्याला आग लागली. माणसं बाहेर आहेत, सुखरूप आहेत." धाकटी एका दमात बोलली. मग थांबली. "काही कळलं का?"

"नाही."

"ताई..."

"फोन रेकॉर्ड होतोय," थोरली म्हणाली.

"होऊ दे. ताई, मला खूप भीती वाटतेय गं."

आयुष्यात पहिल्यांदा धाकटी असं म्हणाली होती. थोरलीला धीर देता आला नाही. "मलाही," एवढंच तिला म्हणता आलं.

मोबाईल वाजला तेव्हा बाहेर उन्हं कलली होती. आईच्या नंबरवरून बाबांचा आवाज आला, पातळ, पण त्यांचाच. "मी आहे गं. सगळं परत आत घातलं. जरा गरगरतंय, बाकी ठीक."

थोरलीला हुंदका फुटला. "आई कुठंय?"

"इथंच, जिन्यात बसलीय. रडतेय. पण माझ्यासाठी नाही."

ते काय, हे तिला घरी पोचल्यावर कळलं. रस्त्यावर सिग्नल बंद होते म्हणून ती चालतच निघाली. उजेड मावळत होता आणि उत्तरेकडे, छपरांच्या वर, आकाश लाल व्हायला लागलं होतं. मावळतीचा लाल नव्हे, गडद, हलणारा, पडद्यासारखा. त्या भागात असलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. लोक घरांतून बाहेर आले होते, मुलांना खांद्यावर घेऊन दाखवत होते, फोटो काढत होते. कुणीतरी शिट्टी वाजवली. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी तिला ओळखलं. "काय हो हवामानवाली, हे तुमचंच ना? काय सुंदर आहे!"

थोरलीनं वर बघितलं. अजून संपलेलं नव्हतं. तो रंग म्हणजे वादळ अजून आत येत होतं. ती मान खाली घालून झपाझप घरी गेली.

मेणबत्तीच्या उजेडात बाबा पडून होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, उजवा हात डाव्या हातात धरून. मनगट सुजलं होतं.

"यांच्या शेजारच्या पलंगावर ती बाई नसते का," आई म्हणाली, "शिवणकाम करते ती? एकटीच येते. तिनंच मला सांगितलं. मी घाबरून हँडल गरागरा फिरवत होते, तर ती पडल्या पडल्या म्हणाली, असं नाही मावशी, शिलाई मशीनचं चाक फिरवतो तसं, एका लयीत. तिच्या सांगण्यावरून मी फिरवत राहिले. यांचं सगळं रक्त आत गेलं. आणि तिचं हँडल फिरवायला कुणी नव्हतं. नर्स इतरांकडे अडकल्या. त्या पोचल्या तोवर तिच्या गाळणीत गुठळ्या झाल्या होत्या. ते रक्त मग परत देता येत नाही म्हणे, फेकून द्यावं लागतं. तिला अॅम्ब्युलन्समधून नेली. पांढरीफटक पडली होती गं."

थोरली खाली बसली. तिला बोलावं तर लागणारच होतं. "आई, लाईट गेले नव्हते. आम्ही घालवले. मी सांगितलं आणि धाकटीनं उतरवले."

आईनं धरलेलं मनगट सोडलं.

अंथरुणातून बाबा म्हणाले, "लहानपणी लाईट बंद करा, लाईट बंद करा म्हणून माझा घसा सुकायचा. तेव्हा नाही ऐकलंत." ते हसायला गेले आणि त्यांना खोकला आला. आई हसली नाही.

सकाळी शिफ्ट संपवून धाकटी आली. ती आत येईना, उंबऱ्यापाशीच उभी राहिली. डोळे तांबारलेले, साडीवर चहाचा डाग. आईनं तिला ये म्हटलं नाही.

"एक फोन करायचा होतास," आई म्हणाली. "तुझ्या बापाचं रक्त अंगाबाहेर होतं."

"माहीत होतं."

"माहीत असून?"

"आई, तिथं सगळ्यांचेच कुणी ना कुणी होते. ज्या बाईचा नवरा लिफ्टमध्ये अडकला तिला मी फोन केला नाही. मग तुला कसा करू?" धाकटी म्हणाली. "बटण दाबलं तेव्हा हात माझाच होता. मी दुसऱ्या कुणाला सांगू शकले असते. नाही सांगितलं."

आई दारातून बाजूला झाली. मग आत गेली आणि चहाचं भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. धाकटीनं चपला काढल्या.

शिवणकाम करणारी बाई मोठ्या रुग्णालयात होती. चार नंबरची वीज पहाटेच परत आली होती, जुना ट्रान्सफॉर्मर शाबूत होता. सात नंबरचे लोक मात्र पुढे कित्येक महिने पाळीपाळीनं वीज वापरत होते. दुपारी आई आणि दोघी बहिणी रुग्णालयात गेल्या. बाईला रक्त चढवत होते. आईनं तिचा हात हातात घेतला आणि ती काही बोलायच्या आत दोघी बहिणींनी स्वतःच सांगून टाकलं की लाईट कुणी घालवले.

बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं थोरलीला विचारलं, "तुम्हाला आदल्या दिवशी माहीत होतं?"

"खात्री नव्हती. शक्यता होती."

"आणि तुम्ही ते घरी सांगितलंत."

"हो."

"मला कुणी सांगितलं असतं तर मी बहिणीला बरोबर आणलं असतं," बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच थोरलीला तिथं उभं राहवेना. "इशारे विमानांना पाठवता म्हणे तुम्ही."

थोरलीनं मान खाली घातली. धाकटीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

चौकशी झाली. निर्णय योग्य होता असं ठरलं, आणि दोघींच्या वडिलांचा उल्लेख अहवालात एका ओळीत आला. साहेब निवृत्त होण्याआधी थोरली आठवडाभर त्यांच्यामागे लागली आणि शहरातली सगळी डायलिसिस केंद्रं, प्रसूतिगृहं आणि घरी ऑक्सिजनवर असलेली माणसं इशाऱ्याच्या यादीत घालून घेतली. वरून विचारणा झाली की एवढ्यांना कळवून उगाच घबराट होणार नाही का. "होईल," तिनं उत्तर लिहिलं. "थोडी झालेली बरी."

तो डागांचा समूह सूर्याबरोबर फिरून पलीकडे गेला. परत समोर यायच्या दिवसांत थोरलीची झोप उडाली. ती रोज सूर्याच्या पूर्व कडेकडे बघत बसे. तो आला तेव्हा बराच विरला होता, तरी तिनं पहिल्याच दिवशी सगळ्या केंद्रांना फोन केले. बाजारपेठेमागच्या केंद्रातली नर्स म्हणाली, "जनरेटर नवा घेतलाय मॅडम, आणि हँडल फिरवायला आम्ही नातेवाइकांनाही शिकवतोय. आता सांगा, घाबरायचं का?"

"मी घाबरते," थोरली म्हणाली. "तुम्ही तयार राहा."

तोवर शिवणकाम करणारी बाई परत यायला लागली होती. आता आई आपलं स्टूल दोन पलंगांच्या मधोमध ठेवते, एका बाजूला बाबा आणि दुसऱ्या बाजूला ती. सुट्टीच्या दिवशी थोरलीही जाते. बाई अजून तिच्याशी मोजकंच बोलते. एकदा मात्र मशीन सुरू झाल्यावर तिनं विचारलं, "आज सूर्य कसा आहे?"

"शांत आहे," थोरली म्हणाली.

बाईनं डोळे मिटले. आईनं वर्तमानपत्र उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. थोरली मात्र नळीतल्या रक्ताकडे बघत बसली, ते पुढे सरकतंय ना, सरकतंय ना, असं मनाशी म्हणत, थेट मशीन थांबेपर्यंत.